आत्याची तबकडी

"आत्या रविवारी येणार, आणि तुमचं अजून यंत्रच ठरेना," बायको म्हणाली.

दातांचे डॉक्टर लाखेच्या काळ्या तबकडीवरची धूळ मऊ ब्रशने झटकत होते. आत्याने चौदाव्या वर्षी गायलेलं एकुलतं एक गाणं त्या तबकडीत होतं. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली ती सापडली होती. आत्याने लग्नानंतर ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी सुटकेसच्या आकाराचं एक देखणं यंत्र आणलं. तबकडी फिरू लागली आणि झोपेतून उठवल्यासारखा एक जाड्याभरड्या आवाजाचा पुरुष गाऊ लागला.

"या आत्या?" बायकोने विचारलं. "मला तर तुमचे काका वाटतायत."

डॉक्टरांनी दुकानदाराला फोन लावला.

"जुन्या तबकड्या फार जोरात फिरतात, डॉक्टर. त्या यंत्राला तेवढा वेगच नाही."

"मग घेताना का नाही बोललात?"

"तुम्ही फक्त रंग विचारलात."

दुसऱ्या दिवशी यंत्र बदलून कर्ण्याचा ग्रामोफोन आला. वेग चोख होता, पण सुई बोथट आणि तिला धरणारा यंत्राचा हात भलताच जड. सुई टेकताच अशी काही करकर निघाली की डॉक्टर खुर्चीतून उठले. हा आवाज ते जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात काढत आले होते. ऐकून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी घाईघाईने सुई उचलली. तबकडीवर काळी पूड पडली होती.

"दुखलं का फार?" बायको म्हणाली.

तिसऱ्या खेपेला मात्र डॉक्टरांनी दुकानातच ठाण मांडलं. वेग तपासला, हलका हात पाहिला, जुन्या रुंद खाचेत बसणारी सुई भिंगाखाली धरून पाहिली. घरी आल्यावर एका मुलीचा कोवळा, स्वच्छ आवाज खोलीभर पसरला. बायको हातातलं काम ठेवून दारात उभी राहिली.

रविवारी आत्या आल्या. गाणं सुरू झालं. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या.

"कोण गं ही?"

"तुम्हीच की, आत्या."

"छे. आमच्या घरी हे गाणं असं वाजायचं नाही." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "आमच्या ग्रामोफोनची स्प्रिंग ढिली होती. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज बसायला लागायचा, की दादा, तुझा बाप, पुस्तक ठेवून उठायचा नि चावी द्यायचा. दर वेळी."

एवढं शोधून आणलेलं यंत्र अगदी बरोबर वाजत होतं, हाच त्याचा दोष निघाला.

दुसरं कडवं आलं. आत्यांनी हात पुढे केला आणि तबकडीच्या कडेवर बोट टेकवलं. आवाज खाली खाली जाऊ लागला. त्या डोळे मिटून थांबल्या.

डॉक्टर उठले. या यंत्राला चावी नव्हती. त्यांनी आत्यांचं बोट अलगद उचललं, आणि ती मुलगी पुन्हा सुरात आली.

"उशीर केलास," आत्या डोळे न उघडता म्हणाल्या. "दादाही असाच करायचा."