तुळशीरामभाऊंची फ्रीस्टाईल कंपनी

नांदुऱ्यात भांडण कुठेही जुंपो, आमचे शेजारी तुळशीरामभाऊ मध्ये घुसायचे आणि दोघांना दरडावायचे, "आज पडनार कोन, थे पयले ठरवा. मंग लढा खुशाल!" माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भांडणातही त्यांनी हाच सल्ला दिला. मी पडलो. संसार अजून टिकून आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा या गृहस्थांनी फ्रीस्टाईल कुस्त्यांची कंपनी काढली. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानात दोरखंडाचा चौकोन, खाली पोकळ फळ्या, वर कापसाची गादी. पहिलवान आदळला की तोफ उडाल्यासारखा आवाज. "लोकं पडनं पाहाले नाई येत बे, धडाम आयकाले येतात!" प्रत्येक डाव भाऊंच्या ओसरीवर आधी ठरायचा. ते सगळं माझ्यासमोर ठरूनही मी मैदानात श्वास रोखून बसायचो. काय जादू होती त्या माणसाकडे, देव जाणे!

सगळी गर्दी खेचायचा काळ्या मुखवट्याचा 'परदेशी सैतान'. मराठीचं अक्षर न कळणारा, माणसं चावणारा! होता मेहकरकडचा सुखदेव. भाऊंना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. सुखदेव आणि बाकीचे पहिलवान त्यांच्याच घरी राहायचे.

कंपनी गावोगाव फिरू लागली. मेहकरच्या खेळाला नेमके सुखदेवचे म्हातारे वस्ताद पुढच्या रांगेत येऊन बसले. सैतान डरकाळ्या फोडत आला. वस्ताद दिसताच मुकाट्याने दोराखालून उतरला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हाताऱ्याने पाठीवर थाप मारली, "सुखदेवा, लय वाळला रे तू!"

मैदान आधी हसून लोळलं, मग खवळलं. कंपनीतला भागीदार भाऊंच्या कानाशी लागला, "भाऊ, हा तोतया हाय, यानं आपल्यालेच फसवलं, असं सांगून टाका. कंपनी वाचन."

भाऊंनी भोंगा हातात घेतला. "हा आपलाच सुखदेव हाय. वस्तादाले पाहून वाकला, बराबर केलं त्यानं. खेळ खतम!" मग खाली उतरून तेही वस्तादांच्या पाया पडले. एवढी हिंमत मी कुठल्याच आखाड्यात पाहिली नाही.

त्यानंतर कुठल्याच गावात तिकिटं खपली नाहीत. पहिलवान एकेक करून पांगले.

परवा भाऊंना विचारलं, "कंपनीची आठवण येते का हो?"

"कंपनीची कायले येईन?" ते म्हणाले. "पोरं आपापल्या घरी गेले, बराबर हाय. पन एकट्यापुरती भाकर थापाची सवय काई होत नाई बे मले."