उल्कावीराची पोथी

प्राची घास घेत नसे. चिऊचा नाही, काऊचा नाही, चांदोबाचाही नाही. पण मोहिनीनं मांडीवर उल्कावीराचं चित्रांचं पुस्तक उघडून ‘ढिश्यांव’ म्हटलं, की तोंडाचा आ व्हायचा आणि वरणभात आत जायचा. नारायणगावच्या रद्दीतून आणलेल्या त्या सहा पुस्तकांवर खोडदच्या घरात एक लेकरू पोसलं जात होतं. आणि लेकरू झोपल्यावर त्याची आईसुद्धा. ती पानं उलटताना मोहिनी घटकाभर कुणाची सून नसायची.

श्रावणातल्या एका दुपारी तिचे सासरे भगवंतराव दाढी अर्धी टाकून घरी आले. एका गालाला साबण तसाच. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी पुण्याचा पेपर वाचून दाखवला होता. कुणा विद्वानानं लिहिलं होतं, की उल्कावीर आणि त्याचा सोबती वादळसिंग नुसते दोस्त नाहीत, त्यांची एकमेकांवर प्रीत आहे, नवराबायकोची असते तशी. तिकडे पालकांनी म्हणे मोर्चा काढला होता.

“उद्या सकाळी बंबात घाला ती पुस्तकं,” ते म्हणाले. “नातीला कसलं वळण लागायचं?”

मोहिनीपुढे दोन प्रश्न उभे राहिले. उद्या प्राची काय खाणार, हा एक प्रश्न. आपली दुपार कशी जाणार, हा दुसरा, आणि तो मोठ्यानं विचारायची सोय नव्हती. “मामा, जाळायच्या आधी बघा तरी, कुठं हाय तसं,” ती एवढंच म्हणाली.

हे भगवंतरावांना पटलं. भावकीचे तंटे सोडवणारा माणूस; पुराव्याशिवाय त्यांनी शेजाऱ्याच्या शेळीलाही दोषी धरलं नव्हतं. मात्र गावात मोठ्यानं वाचायचं म्हणजे सोपान आणि सयाजीच हवेत. श्रावणात पोथी लागली की सोपान वाचायचा आणि सयाजी अर्थ सांगायचा, हे मोहिनीचा नवरा रांगत होता तेव्हापासूनचं. दोघांनी लग्न केलं नव्हतं. नव्यानं उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांपलीकडे, मळ्यातल्या घरात ते राहत. धारा सोपान काढायचा, भाकरी सयाजी थापायचा, आणि गावातली लग्नपत्रिका त्या घरी एकच जायची, दोघांच्या नावाची.

निरोप जाताच दोघं आले, सवयीनं हातपाय धुऊन घोंगडीवर बसले. सोपाननं चष्मा चढवला आणि त्याला येणाऱ्या एकुलत्या एका चालीवर, म्हणजे ओवीच्या, सुरुवात केली, “वादळसिंगा, तू गेलास तर या किल्ल्यात मी एकटा काय करू?” आणि अर्थासाठी थांबला.

सयाजीनं घसा साफ केला. “म्हंजी असं, की घरात दुसरं मानूस नसलं, तर च्या कुनासाठी टाकायचा?”

“ह्यात काय वंगाळ न्हाई,” भगवंतराव म्हणाले. “फुडं.”

पुढे वादळसिंगाला बाण लागला. उल्कावीर उजाडेपर्यंत त्याच्या उशाशी बसला.

“आता बगा,” सयाजी म्हणाला, “सोपानला टायफाईड झाला व्हता तवा मी...” आणि त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

उंबऱ्यात लसूण सोलणाऱ्या कोंडाबाईंनी, म्हणजे मोहिनीच्या सासूनं, मान वर न करता म्हटलं, “अवो, असं घर आपल्या गावातबी हाय की.”

“ते येगळं.”

“काय येगळं?”

भगवंतरावांनी सोपानकडे पाहिलं, सयाजीकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. “त्यास्नी आपन वळखतो.”

“मंग ह्यास्नीबी वळखा. अजून पाच पुस्तकं हायेत.”

सोपान सयाजीच्या उपरण्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिला. मोहिनीच्या ध्यानात आलं. आता बंबात नुसती पुस्तकं जाणार नव्हती. उद्यापासून या घोंगडीवर पोथीला कोण बसणार, तेही त्यातच होतं.

भगवंतरावांनी गाल खाजवला. वाळलेल्या साबणाची खपली मांडीवर पडली.

“पोथी अर्धी सोडू न्हाई,” ते म्हणाले. “वाचा, सोपानराव.”

तिसऱ्या ‘ढिश्यांव’ला प्राची झोपेतून उठून आली आणि आजोबांच्या मांडीवर आ करून बसली. भात त्यांनीच भरवला, स्वतः तोंड उघडून. वाचन संपल्यावर पुस्तकं पोथीच्या तांबड्या फडक्यात बांधून त्यांनी सुनेच्या हाती दिली. “वर ठेव. उंदरं लागत्याल.”

बाहेर भुरभुर लागली होती. दोघांनी अंगणात एकच छत्री उघडली. मोहिनी लगबगीनं खुंटीवरची दुसरी घेऊन धावली.

“ऱ्हाऊ दे पोरी,” मागून भगवंतराव म्हणाले. “एकीत मावत्यात ते. कवाचं बघतोय आमी.”

छत्री कुंपणाशी थांबली. तिच्याखालून सोपानचा आवाज आला, “सयाजी, ह्याचा अर्थ सांग.”

“घरी चल. सांगतो.”