श्रावणदादाच्या गाडीची रेस

गाडीची रेस आपणच दुरुस्त करायची, असं हिरालालने एका रविवारी ठरवलं. त्याने दुरुस्त केलेली वस्तू आजवर पुन्हा कधी बिघडली नव्हती. (पुन्हा ती चाललीच नव्हती, तर बिघडणार कशी?)

मोटारसायकल त्याची नव्हती. थोरल्या भावाची, श्रावणदादाची होती. श्रावणदादा फाल्गुनात गेला. जेवून उठला, हात धुवायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. त्याची लेक रीना सासरी परत गेली आणि शेजारच्या घरात वहिनी, रत्नमाला, एकटी उरली. अंगणात गाडी उभी. एक दिवस वहिनीने किल्ली आणून हिरालालच्या हातावर ठेवली.

"उभ्या उभ्या सडून जाईल. तुमी चालवा."

त्या दिवसांत ती एवढंच बोलत असे. रडलीही नव्हती. दादाच्या पुण्यानुमोदनाला सारं आंधळगाव रडलं, ती मात्र आल्यागेल्याला पाणी देत फिरत होती. हिरालालला त्याचीच धास्ती वाटत होती.

गाडीला खोड होती. रेसची मूठ जराशी पिळली की उडी मारायची, जराशी सोडली की मान टाकायची. हिरालाल भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत बाबू. रोज त्या गाडीवर अशी मान हलवत जायचा, की वाटेतल्या लोकांना वाटे, हा आपल्याला नमस्कार करतोय. (काही जण उलट नमस्कार करू लागले होते.) बायको धुरपता एकदाच मागे बसली. बाजारातून निघताना गाडीने उडी मारली, हिरालालसह पुढे गेली, आणि धुरपता पिशवीतल्या वांग्यांसकट रस्त्यावर बसली.

"हे गाडी हाय का गोऱ्हा?" एवढं विचारून ती पायी घरी आली. वांगी त्याला दोन्ही वेळा खावी लागली.

तर त्या रविवारी त्याने मुठीपासून इंजिनाकडे जाणारी केबल सोडली. कोरडी ठक्क होती. तेल हवं होतं. स्वयंपाकघरात जवसाच्या तेलाची शिशी दिसली. तेल ते तेल! थेंब थेंब केबलमध्ये सोडलं, मुठीत चोळलं, केबलचा ताण नीट बसवला आणि किक मारली. गाडी लोण्यासारखी चालायला लागली.

तो तसाच वहिनीच्या दारात गेला. "चला वैनी, मोहाडीले तुमच्या बहिणीकडे नेतो. पाण्याचा गिलास धरून बसा, थेंब नाई सांडणार."

काय मनात आलं कोण जाणे, वहिनी बसली. गावाबाहेर आल्यावर हिरालालने अभिमानाने विचारलं, "कशी चालून राहिली?"

"लय चांगली," वहिनी म्हणाली. "मी हमेशा म्हणायची, एवढे झटके देते, सुधरवून घ्या ना. तं ते म्हणत, सुधरवली तं तू मले धरशील कायले?"

हिरालालने गाडी थांबवली. मागे वळून पाहिलं. वहिनीचे डोळे कोरडे होते. हात सीटच्या कडेला होता, काय धरावं ते न कळल्यासारखा.

"पयलेसारखी करून देतो, वैनी! आत्ता करतो!"

आणि त्याने झटका द्यायचा प्रयत्न केला. मूठ पिळली, सोडली, पुन्हा पिळली. नको असताना रोज उड्या मारणारी गाडी आज पालखीसारखी चालली. शेवटी त्याने एकदम मूठ आणि क्लच दोन्ही सोडले. इंजिनच बंद पडलं.

"राहू द्या, भाऊजी. तुमच्यानं नाई होणार." वहिनी हळूच म्हणाली. "घरी चला."

त्या रात्री हिरालाल नीट जेवला नाही. दादाचं उरलंसुरलं जे होतं, ते आपण पुसून टाकलं असं त्याला वाटत राहिलं.

आता, जवसाचं तेल वाळलं की डिंकासारखं चिकटतं. घरातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. (त्यांना विचारलं कोणी?) पुढे पावसाळ्यात धान रोवण्याचे दिवस आले. एका सकाळी हिरालाल कचेरीला निघाला, मूठ पिळली, आणि ती परत फिरलीच नाही. गाडी सुसाट सुटली. ब्रेक, किल्ली, क्लच, सगळं विसरून तो बैलाला ओरडावं तसं "हो! हो!" ओरडत राहिला. वळणावर गाडी शेताच्या धुऱ्यावरून उडाली ती थेट त्यांच्याच चिखल केलेल्या बांधीत, जिथे वहिनी आणि धुरपता बायकांसोबत धान रोवत होत्या.

गाडी आडवी होऊन बंद पडली. हिरालाल तोंडघशी चिखलात.

सगळ्यांत आधी वहिनी धावली. तिने त्याला उताणा केला, दोन्ही खांदे गच्च धरले आणि हलवू लागली. "उठा! उठा ना, रीनाचे बाबा! उठा ना!"

बोलली आणि थबकली. मग तिथेच चिखलात बसून रडू लागली. फाल्गुनापासूनचं सगळं रडली. बायकांच्या हातातली पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी हातातच राहिली.

हिरालालला काही लागलं नव्हतं. पण आपण उठलो तर ती रडायची थांबेल, म्हणून तो कानात चिखल घेऊन तसाच पडून राहिला. धुरपता आली आणि जावेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बऱ्याच वेळाने वहिनीने पदराने तोंड पुसलं. "लागलं काय, भाऊजी?"

"नाई."

"मंग उठा. अर्धी बांधी झोपवली तुमी."

हिरालाल उठला. भरपाई म्हणून कचेरीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, जुडी घेऊन, मन लावून रोवू लागला. एक ओळ संपवून कौतुकाने मागे पाहिलं. वहिनी त्याच्या मागोमाग येत होती, आणि त्याने लावलेलं एकेक रोप उपटून नीट लावत होती.

"वैनी, यायले कचेरीत जाऊ द्या," धुरपता म्हणाली.

"जाऊ दे बाई," नाक ओढत वहिनी म्हणाली. "तिकडं बिघडवलं तं सरकारचं जाते."