मैनेच्या कंपनीचं काय ठरलं?

पलूसच्या स्टँडसमोरून 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी लावलेली कुठलीही गाडी निघाली, की आमचे दस्तगीरचाचा दुकानातून उठतात आणि तिच्यापुढे हात आडवा करून उभे राहतात. गाडी तहसीलदारांची आहे, आरोग्य खात्याची आहे की पाटबंधाऱ्याची, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. काच खाली झाली की ते डोक्यावरची टोपी सारखी करतात, सलाम घालतात आणि विचारतात, "साहेब, मैनेच्या कंपनीचं काय ठरलं?"

एकदा जनावरांचे डॉक्टर तावडीत सापडले. बिचारे कुठल्याशा वाडीला लस टोचायला निघाले होते. म्हणाले, "बाबा, मी गाई-म्हशींचा डॉक्टर आहे."

"मग तर बरंच झालं की. कंपनी बी आजारीच हाय. सरकारी डाक्टर म्हंजे सरकारच. वर निरोप द्या, म्हणावं औषध वेळंवर पायजे. चुकलं का माझं?"

डॉक्टर म्हणाले, "नाही, चुकलं नाही," आणि गाडी पळवली. 'चुकलं का माझं?' हे चाचांचं पालुपद. त्याचं उत्तर त्यांना नको असतं. समोरचा तोंड उघडेपर्यंत चाचा पुढच्या वाक्याला लागलेले असतात.

दस्तगीर नदाफ गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. माझं ब्लाउज शिवायचं दुकान त्यांना लागून आहे आणि मध्ये फक्त पत्रा. त्यांचं जाड कापडाचं मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरच्या टाचण्या नाचायला लागतात. मी पत्र्यावर कात्री आपटते, ते "आवं ताई, एवढी शीट झाली की बंद" म्हणतात, आणि बंद काही होत नाही. आमचा शेजार असा आहे.

आता मैना. मैना म्हणजे एका देशी कंपनीची छोटी मोटार. पुण्याच्या पलीकडे तिचा कारखाना होता आणि त्या कारखान्यात चाचांचा एकुलता एक मुलगा युनूस कामाला होता. मुळात युनूसचा हात शिलाईत बापापेक्षा सरस. पण त्याला मोटारीचं वेड. शीट शिवायला आलेल्या गाडीत जाऊन बसायचा तो उठायचाच नाही. कारखान्यात चिकटला तेव्हा चाचांनी सगळ्या स्टँडला पेढे वाटले, आणि पुढे जमलं तेव्हा जुनी एक मैना विकत घेतली. युनूसची आई तेव्हा होती. तिला शेजारी बसवून ते रोज संध्याकाळी गावातून एक चक्कर मारायचे. ती वारल्यावर चक्कर बंद झाली.

युनूस दरवाजांच्या खात्यात होता. हे मुद्दाम सांगते, कारण मैनेचा डावा दरवाजा एका दमात कधीच लागला नाही. त्याला कमरेनं धक्का द्यावा लागे. मी एकदा जोरात आपटला तर चाचा कळवळले. "ताई, युनूसच्या खात्यातला हाय त्यो. जरा मायेनं लावा." त्यानंतर मी तो दरवाजा मायेनं लावत आले. म्हणजे तो लागत आला नाही.

या मैनेतून मी एकदाच सांगलीला गेले. माझ्या भाचीचं लग्न होतं. अंगावर ठेवणीतली पैठणी, मांडीवर आहेराची पिशवी. नांद्र्याच्या अलीकडे मैना खोकली आणि थांबली. चाचांनी बॉनेट उघडलं, आत बघून मान हलवली आणि बॉनेट मिटलं. त्यांना इंजिनातलं काही कळत नाही, शीट सोडून गाडीतलं काहीच कळत नाही. तेवढ्यात एक भला माणूस थांबला. चकचकीत मोठी गाडी, वर दोर बांधून ओढून न्यायला तयार. चाचांनी त्याच्या गाडीचं नाव वाचलं आणि हात जोडले.

"लय उपकार झालं. पर ही परदेशी गाडी. हिच्या मागं आमची मैना बांधून गावात शिरली तर पोराला काय तोंड दावू? चुकलं का माझं?"

तो माणूस माझ्याकडे बघत निघून गेला. नंतर उसाचा ट्रॅक्टर आला. तो देशी निघाला, तो चालला. अक्षता पडून गेल्यावर, शेवटच्या पंगतीला, मी उसाच्या मागून मांडवात पोचले. बहीण अजून ते काढते.

पुढे बाजारात मैनेला गिऱ्हाईक मिळेना. कंपनी खचत गेली. मालकानं सरकारकडे हात पसरला आणि सरकारनं कंपनी वाचवावी की नाही, यावर टीव्हीवर रोज भांडणं सुरू झाली. तीच भांडणं आमच्या दुकानांसमोर चहाच्या गाड्यावर व्हायची. तिकडे तरी भांडणारे पाच-सहा असत, इथे चाचा एका बाजूला आणि सगळं पलूस दुसऱ्या बाजूला.

बापू पवार द्राक्षबागवाले. त्यांचा पारा कायम चढलेला. ते म्हणायचे, "दस्तगीर, माझी बाग गारांनी झोपली तवा कुठलं सरकार आलं हुतं रं? लोकांनी भरलेला पैसा काय मोटारवाल्याच्या घशात घालायचा?"

मीही बापूंच्याच बाजूची. "चाचा, मालकानं बंगले बांधले, नीट गाडी काय बांधली न्हाई. त्याला कशाला द्यायचं?"

"मालकाला नगाच देऊ. मालकाला फटकं द्या. पर कंपनीला टाळं ठोकल्यावर मालक उपाशी ऱ्हातोय व्हय? त्यो बंगल्यातच हाय की. रस्त्यावर येत्यात ती आपली पोरं."

"माझं दुकान रेडिमेडवाल्यांनी बसवलं तर सरकार मला वाचवंल का?"

"न्हाई वाचवणार."

"मग?"

चाचा कप खाली ठेवायचे. "ताई, आमी जातीनं पिंजारी. माझा बा गावोगाव हिंडून कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. फोम आला, तयार गाद्या आल्या आन् आमचा धंदा बसला. कोण इचारायला बी आलं न्हाई. बा पिंजण खांद्यावर टाकून पार म्हसवडपतुर चालत जायचा आन् तसाच माघारी यायचा. त्या पिंजणीचा आवाज आयकून माणसं दारं लावून घ्यायची, ह्येला नको कसं म्हणायचं म्हणून. तुमी म्हणताय आमाला कुणी वाचवलं न्हाई, मग ह्येंना का? मी म्हणतोय, आमाला कुणी वाचवलं न्हाई म्हणूनच ह्येंना वाचवा. बुडताना कसं वाटतं ते मला म्हाईत हाय. चुकलं का माझं?"

यावर बापू चाचांसाठी आणखी एक चहा सांगत. मग पुन्हा गारांवर येत. माझं मत काही बदललं नाही, आजही बदललेलं नाही. बाजारात जे चालत नाही ते सरकारच्या खांद्यावर बसवून किती दिवस चालवणार? पण चाचांशी बोलताना मला माझंच म्हणणं कोरडं लागायचं, हेही खरं.

दुपारी ते डबा घेऊन मैनेत जेवायला बसायचे. गाडी दुकानापुढे उभी असे, कुठे जायची नसे. चाचा चाकामागे नाही बसायचे. ते डाव्या बाजूला, त्या न लागणाऱ्या दरवाजाला खांदा टेकून बसायचे आणि सावकाश भाकरी मोडायचे. बोलवलं तरी माझ्या दुकानात यायचे नाहीत. म्हणायचे, "हितंच बरं वाटतंय."

एके दिवशी सकाळीच चहाच्या गाड्यावरच्या टीव्हीवर आलं. सरकारनं मदत नाकारली, कारखाना बंद. बापूंनी खालची पट्टी वाचली. टीव्ही बंद करा म्हणाले. चाचांनी चहा तसाच ठेवला, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि आत गेले. मी पत्र्याला कान लावून होते. मशीनचा आवाज नाही, माणसाचा आवाज नाही.

मग दुपारी पत्र्यापलीकडून आवाज यायला लागला. टुंई, टुंई. मी लहानपणी ऐकला होता, तरी लगेच ओळखला. पिंजणीचा आवाज. कापूस पिंजायची ती तात लावलेली लांब लाकडी कमान बापाच्या पाठीमागे चाचांनी माळ्यावर टाकली होती. ती खाली आली होती.

मी शटरखालून वाकून आत गेले. सगळं दुकान पांढरं झालं होतं. भुवयांवर कापूस, टोपीवर कापूस, शिलाईच्या मशीनवर कापूस. मध्ये चाचा बसून पिंजण छेडत होते आणि एका बाजूला नव्या गादीची खोळ उघडी पडली होती. नदाफांच्या घरात रीत आहे. घरात माणूस राहायला आलं, सून असो, पाहुणा असो की माघारी आलेलं लेकरू, की त्याची गादी घरातल्या थोरल्यानं स्वतः पिंजून भरायची. विकतची गादी घालायची नाही.

"युनूस यायचाय?" मी विचारलं.

"कुटं जाईल आता? घरलाच येईल की." चाचांच्या तोंडावर हसू होतं. मी चकित झाले. इतके दिवस ज्या कंपनीसाठी हा माणूस जीव टाकत होता, ती बुडाली त्या दिवशी हा हसत होता. माझ्या डोळ्यातलं त्यांनी वाचलं असावं. तात छेडायचा लाकडी मोगरा हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला.

"ताई, तुमास्नी म्हणून सांगतो. तोंडानं रोज म्हणत हुतो, कंपनी जगू दे. पोराचा जीव हुता तिच्यात. पर नमाजाला उभा राहिलो की पोटातनं यायचं, पडू दे बंद. पोरगं घरी येईल, शेजारी बसून शीट शिवंल. मग माझी मलाच लाज वाटायची. म्हणून तर गाड्या आडवून जास्त वरडत हुतो. आता अल्लानं ह्यातलं कुटलं आयकलं म्हणायचं? चुकलं का माझं?"

या वेळी ते पुढच्या वाक्याला लागले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी खाली बसून खोळीत कापूस भरायला लागले.

गादी भरून झाली, टाके घालून झाले, तरी युनूस आला नाही. चार-आठ दिवस गेले. मग एका दुपारी फोन आला. चाचा फोन लांब धरून बोलतात, त्यामुळे सगळं मला ऐकू येतं. तमिळनाडूत एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात त्याला घेतलं होतं. बरोबरची पोरं निघाली होती, तोही पुण्यातूनच रेल्वेनं जाणार होता. घरी यायला सवड नव्हती. आवाजावरून पोरगं खूश होतं, आणि बापाला आपली काळजी असेल म्हणून घाईघाईनं सगळं सांगत होतं. राहायला खोली आहे, जेवण कारखान्यातच आहे.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "उधर गादी है क्या रे?"

"सब है अब्बा. पलंग, गादी, पंखा, सब."

"फिर अच्छा है," चाचा म्हणाले. फोन ठेवल्यावर मला मोठ्यानं म्हणाले, "लय झ्याक झालं, ताई. पोरगं लागलं." आणि मशीन सुरू केलं. मी त्या दिवशी पत्र्यावर कात्री आपटली नाही.

ती गादी गुंडाळून दुकानाच्या कोपऱ्यात उभी केली आहे. तिच्यावर चादर घातली आहे. कुणी टेकलं तर चाचा हळूच सरकायला सांगतात. मैना आता सुरू होत नाही. तिचे भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते बसवणारे राहिले नाहीत. दुपारचा डबा मात्र अजून तिच्यातच होतो.

आणि एवढं सगळं होऊनही चाचा गाड्या अडवायचे थांबले नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं सवयीनं उठत असतील. बापू एकदा चिडून म्हणाले, "आता का रं गड्या? पोरगं लागलं की दुसरीकडं. आता ती कंपनी जगली काय आन् मेली काय!" चाचा टोपी सारखी करून मशीनवर जाऊन बसले.

परवा मीच छेडलं. गिऱ्हाईक नव्हतं, ते मैनेत जेवत होते. मी दरवाजाजवळ उभी राहिले. "चाचा, आता खरंच कशाला? त्या कंपनीत आता पानसुद्धा हलत न्हाई."

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला.

"ताई, तमिळनाडू लय लांब हाय वो. ईदला बी येणं हुईना त्याला. कंपनी परत चालू झाली तर पोरगं निदान पुण्यापतुर तरी येईल. घरी नगं येऊ दे. पुणं तर पुणं. शनवारी सुटी झाल्यावर यष्टीत बसला तर ऐतवारी न्याहारीला हितं. मी सरकारकडं लय काय मागतोय व्हय? चुकलं का माझं?"

तेवढ्यात स्टँडच्या बाजूनं पांढरी जीप आली. पुढे पाटी होती. चाचांनी बघितलं आणि डबा बाजूला ठेवून उठायला गेले, पण गुडघा धरला आणि परत बसले. एरवी न लागणारा दरवाजाही आज नेमका घट्ट बसला होता. जीप जवळ येत होती, ते आतून दरवाजाला खांदा देत होते आणि तो उघडत नव्हता.

माझ्या गळ्यात माप घ्यायची टेप होती, पदराला दोरे चिकटले होते. मी तशीच रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात आडवा केला. जीप करकचून थांबली. काच खाली आली, आतल्या साहेबांनी वैतागून विचारलं, "काय हो बाई? काय झालं?"

मी पदर सारखा केला.

"साहेब," मी म्हटलं, "मैनेच्या कंपनीचं काय ठरलं?"