आपोआप थांबणारी गाडी

सतीशनं नवी गाडी घेतली आणि त्याचे पाय जमिनीला लागेनात! समोर माणूस आला की ही गाडी म्हणे आपली आपण थांबते! वाशिंदच्या कारखान्यात त्यानं हे इतक्यांदा सांगितलं, की तो डबा घेऊन आला की माणसं टेबल बदलू लागली.

त्या रविवारी तो आई रत्नप्रभाबाईंना घेऊन शहापूरहून मुरबाडकडच्या एका गावी मुलगी बघायला निघाला. वय चौतीस, अकरा ठिकाणांहून नकार. हे बारावंही हातचं गेलं, तर त्याच्या लग्नाचा नादच सोडायचा, असं आईनं ठरवलं होतं. सतीश मात्र खुशीत!

"बघ गो आये, गाडी बघूनच होकार देतील!"

गावाच्या वळणावर गाडी अशी गचकन थांबली, की आईच्या मांडीवरचे पेढे थेट काचेवर!

"बघितलंस? माणूस दिसला, थांबली!"

"कुठला माणूस? पुठ्ठ्याचा हाय तो!"

खरंच! गावचे पुढारी जगदीशशेठ वाढदिवसाच्या कटआउटवर हात जोडून रस्त्याकडेला उभे होते.

"पुठ्ठ्याला थांबते, मग खऱ्या माणसाला किती लवकर थांबेल!"

हे गणित ऐकून आईनं कपाळाला हात लावला.

पुढं गवताचा एक भलामोठा भारा रस्ता ओलांडत होता. डोकं नाय, हात नाय, खाली नुसती दोन पावलं! सतीशनं ऐटीत ब्रेकवरचा पाय काढला.

"आता गंमत बघ, आये."

कसली गंमत! गाडी आपली सरकतेच आहे! तिच्या लेखी तिथं माणूसच नव्हतं!

"अरे मेल्या, बाई हाय ती!"

कचकन गाडी थांबली. भारा दचकून बॉनेटवर आडवा झाला आणि त्यामागून एक बाई कडाडली, "डोळं फुटलं काय रं? एवढी बाई दिसत नाय?"

ती मुलीची आई, फोटोत पाहिलेली चिमाबाई! पाहुणे चारला येणार, तोवर म्हशीची वैरण उरकू म्हणून गेलेली. हे गाडीच्या तोऱ्यात तीनलाच हजर!

"जय भीम, विहीणबाई," रत्नप्रभाबाई कशाबशा म्हणाल्या.

"जय भीम. विहीण कोण, ते चहा झाल्यावर बघू!"

घरी चहा घेताना सतीशनं 'गाडीला त्या दिसल्याच नाहीत' म्हणून माफी मागितली. त्यावर मुलगीच, म्हणजे मेघाच, बोलली. "गाडीला आई दिसलीच नाय म्हणता. मग थांबवली कोणी? तुमी?"

सतीशच्या जिभेवर 'हो' आलं होतं! एवढं एक 'हो' म्हटलं की काम फत्ते! पण चिमाबाईच्या केसांत अजून गवताची काडी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाय. माझा पाय घाबरून जागचा हललाच नाय. आयेनं हँडब्रेक ओढला."

चिमाबाईनं रत्नप्रभाबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी द्यायला माझी हरकत नाय. सासूची नजर चांगली हाय. मेघा, तुझं काय?"

"मला पण सासूबाई पसंत हायत."

सतीशनं घसा खाकरला. "आणि... मी?"

मेघानं त्याच्यासमोर बशी सरकवली. "त्यांच्यासंगं आलाय, म्हंजे तुमाला पण घ्यायलाच लागंल!"