संतुलित राक्षस निवड समिती

संतुलनाशिवाय कोणतंही राष्ट्र, कुटुंब किंवा कबड्डीचा संघ टिकत नाही, आणि समिती नेमल्याशिवाय संतुलन साधत नाही. हे सत्य जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयाला ते गेल्या डिसेंबरात नव्यानं पटलं, एवढंच. (महाविद्यालयाचं नाव देत नाही. ज्यांना ते आपलंच वाटेल त्यांनी आपलंच समजावं.)

झालं असं, की साताऱ्यात आंतरमहाविद्यालयीन ‘दैत्यदंगल’ स्पर्धा भरणार असल्याचं पत्र आलं. दैत्यदंगल हा मोबाईलवरचा खेळ. प्रत्येक खेळाडूनं आपले सहा राक्षस निवडायचे आणि समोरच्याच्या सहांशी एकेक करून झुंजवायचे. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी दगडाचा, कुणी विषाचा, कुणी निव्वळ भुताटकीचा. पाणी आगीला विझवतं, आग झाडाला जाळते, आणि ज्याचे सहाही गार झाले तो हरला. प्राचार्या चारुशीलाबाईंनी पत्र दोनदा वाचलं, त्यावर ‘क्रीडा’ असा शेरा मारला आणि ते क्रीडासंचालक नारायण सरांकडे धाडलं. नारायण सर म्हणजे जुने कबड्डीपटू. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि ती कुणाच्या अध्यात-मध्यात न पडता काढायचा त्यांचा बेत होता.

खेळाडू शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. कार्यालयात फाईलच होती. मुलींच्या वसतिगृहातल्या माया नावाच्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला ऑक्टोबरात लेखी ताकीद गेली होती: ‘अभ्यासाच्या वेळेत मोबाईलवर राक्षस झुंजवणे. पुन्हा आढळल्यास वसतिगृहातील जागा रद्द.’ खाली सही प्राचार्यांची. त्याच मायाला डिसेंबरात निवडीचं पत्र गेलं: ‘राक्षस झुंजवण्यातील प्रावीण्य विचारात घेऊन.’ सही प्राचार्यांचीच. दोन पत्रांत विसंगती राहू नये म्हणून तिसरं पत्र निघालं, की ताकिदीबाबतचा अंतिम निर्णय स्पर्धेच्या निकालापर्यंत राखून ठेवण्यात येत आहे.

माया आटपाडीची. वसतिगृहातली जागा गेली असती तर रोज एसटीनं जायला अडीच तास आणि यायला अडीच. मग ती पास झालीच नसती, तिचा नुसता एसटीचा पास झाला असता. त्यामुळे तिसरं पत्र वाचल्यावर तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि आपले सहा राक्षस पुन्हा एकदा मनात उभे केले.

तिचे सहाही दिसायला ओबडधोबड होते. मार सोसणारी एक दगडी घोरपड. झाडपाल्यानं दुसऱ्यांच्या जखमा भरून काढणारा एक म्हातारा वैदू. एकदाच नांगी मारून मग नुसती वाट बघत बसणारा विंचू. पाण्यातला डोहोबा. ज्याला मारलेलं लागतच नाही असं एक भूत. आणि आगीचा म्हणून एक चिडका कोंबडा. ही निवड तिनं दोन वर्षांत, चारशेहून जास्त डाव खेळून केली होती. तिचे वडील आकाराम यांनी आयुष्यभर मेंढरं राखली होती; हल्ली थोडी डाळिंबंही लावली होती. त्यांना फोनवर हे सगळं ऐकवल्यावर ते म्हणाले, “बराबर हाय. समदी मेंढरंच असून चालत न्हाई. म्होरं चालाय बोकड लागतो, मागनं कुत्रं लागतं.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पर ही राकीस खात्यात काय?”

“काय न्हाई खात, आबा.”

“मग परवडतं,” ते म्हणाले.

इकडे चारुशीलाबाईंच्या ध्यानात आलं, की सहा राक्षसांसारखा गंभीर विषय एका एकोणीस वर्षांच्या मुलीवर सोपवणं हे त्या मुलीवरच अन्याय करण्यासारखं आहे. म्हणून ‘संतुलित राक्षस निवड समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष प्राचार्या, सचिव नारायण सर. सदस्य म्हणून कला, वाणिज्य आणि विज्ञान या विभागांचे प्रमुख, ग्रंथपाल, आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून सौमित्र. सौमित्र संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता. (हा योगायोग असल्याचं इतिवृत्तात नोंदवलं आहे.) समितीतल्या एकानंही दैत्यदंगल खेळलेली नव्हती, त्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका घेता आली नाही. मायाला समितीवर घेतलं नाही. खेळणाऱ्यानंच खेळाबद्दल बोलायचं म्हणजे हितसंबंध आडवे येतात.

पहिल्या बैठकीत मायाला पाच मिनिटं आत बोलावलं. तिनं आपली सहा नावं वाचून दाखवली, आणि समितीनं त्यांवर दोन तास प्रामाणिकपणे विचार केला.

विंचू विषारी. वसतिगृहाच्या खानावळीत मागच्याच महिन्यात बासुंदीतून विषबाधेचा प्रकार घडलेला असताना संस्थेनं विषाला उघड पाठिंबा देणं बरं दिसलं नसतं. भुताला महाविद्यालयाच्या विवेक मंडळाची हरकत होती. घोरपड बाळगणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, अशी माहिती ग्रंथपालांनी पुस्तक उघडून दिली. वैदूकडे कुठलीही मान्यताप्राप्त पदवी नाही, म्हणून विज्ञान विभाग त्याच्याकडून उपचार करून घ्यायला तयार नव्हता. कोंबड्याबद्दल कुणाला काही बोलायचं नव्हतं, पण सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि तोही बाद झाला.

राहिला डोहोबा. “हे बघ माया,” चारुशीलाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “तू आटपाडीची. तुलाच पाणी दिलं, तर बाकीचे म्हणतील जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागाला झुकतं माप दिलं.”

“मॅडम, आमच्याकडं पानी असतं तर मी कशाला मागितलं असतं?” माया म्हणाली.

हे उत्तर उद्धट होतं की माहितीपूर्ण, यावर समितीचं एकमत झालं नाही. डोहोबा राखून ठेवण्यात आला.

नवे सहा कोणते, हे मात्र ठरेना. प्रत्येकाला आपापल्या विभागाचा राक्षस हवा होता आणि तो आगीचाच हवा होता, कारण आग उठून दिसते. हा तिढा समितीनं सोडवला नाही. तो फ्लेक्सनं सोडवला. संस्थेचे अध्यक्ष भेटीला येणार म्हणून शुभेच्छांचा फ्लेक्स आधीच छापायला गेला होता. फ्लेक्सवाल्यानं त्याच्याकडे जी सहा चित्रं ठळक होती ती टाकली: ज्वालाव्याघ्र, अग्निसिंह, भडक गरुड, पेटता बैल, एक फुलपाखरू आणि एक कासव. वर सतरा मान्यवरांचे फोटो होते. (वरचे कोण आणि खालचे कोण, हा घोटाळा शेपट्यांमुळे टळला.) मायाचा फोटो जागेअभावी राहिला. फ्लेक्स लागला, अध्यक्षांनी तो पाहिला, “वा, वाघ चांगला आहे,” असं म्हणाले, आणि संघ जाहीर झाला. आगीचे चार, कला विभागाचं फुलपाखरू, ग्रंथालयाचं कासव. याहून संतुलित काय असणार?

मायानं वसतिगृहात येऊन त्या सहांना घेऊन सरावाचे वीस डाव खेळले. एकोणीस हरली. विसाव्यात समोरच्याच्या मोबाईलची बॅटरी संपली.

स्पर्धेच्या दिवशी सौमित्र त्याच्या गाडीनं गेला. माया आणि नारायण सर सकाळच्या एसटीनं निघाले. नोंदणीचा फॉर्म सरांच्या पिशवीत होता. पेठ नाक्यापाशी मायानं एकदम विचारलं, “सर, सातीच्या साती गडी चढाईवालेच घेतले तर?”

“कबड्डीत? वेडी का काय? कोपरा कोण धरणार?”

“मंग आपल्याकडं कोण धरनार हाय? चौघं नुसतं आग वकत्यात. समोरनं येक पान्यातला आला की चारीबी विझतील. फुलपाखरू तर वाऱ्यानंच जाईल.”

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना आग-पाणी कळत नव्हतं, पण कोपरा कळत होता. तीस वर्षांपूर्वी निवड समितीनं एका आमदारांच्या भाच्याला त्यांच्या कोपऱ्यावर उभं केलं होतं, आणि त्या सामन्याची आठवण निघाली की अजूनही त्यांचा डावा गुडघा दुखायचा. कराडच्या स्टँडवर त्यांनी चहा घेतला. उंब्रजच्या पुढं गेल्यावर पिशवीतून शिक्का मारलेला एक कोरा फॉर्म काढला. (असा फॉर्म प्रत्येक क्रीडासंचालकाच्या पिशवीत असतो. तो का असतो, हे विचारायचं नसतं.)

“सांग नावं,” ते म्हणाले.

माया सांगू लागली. घोरपड, वैदू, विंचू, डोहोबा. चार नावं झाल्यावर सरांचं पेन थांबलं. निवृत्तीला तीन वर्षं होती.

“सर, भूत. आन कोंबडा.”

“चार तुझे घेतले. आता दोन त्यांचे,” असं म्हणत सरांनी ज्वालाव्याघ्र आणि अग्निसिंह लिहिलं. “यालाच संतुलन म्हणतात, पोरी.”

सहापैकी चार, एवढी सरांची हिंमत आहे, हे मायाला कळलं. आणि चार म्हणजे कमी नव्हे, हेही कळलं.

साताऱ्यात तिनं पहिले दोन सामने जिंकले. बघणाऱ्यांना त्यांत काही मजा आली नाही. विंचू एकदा नांगी मारायचा, घोरपड समोर बसून मार खायची, वैदू तिला पाला लावायचा, आणि समोरचा राक्षस दहा मिनिटांनी आपोआप लवंडायचा. सौमित्र रील काढायला सरसावून उभा होता. काहीच फुटेना म्हणून त्यानं मोबाईल खिशात टाकला. “अगं, आपल्या सिंहाला काढ ना बाहेर,” तो दोनदा म्हणाला. माया सिंहाला काढत नव्हती.

अंतिम सामना वाईच्या मयूरीशी होता. चष्मेवाली, शांत मुलगी. तिच्याकडे एक बेडूक होता, पाण्यातला. त्या बेडकानं पावणेदोनशे लोकांसमोर घोरपड भिजवून फोडली. विंचवाची नांगी त्याला लागली होती, डोहोबानंही त्याला अर्धमेला केला होता, आणि वैदू पडला तेव्हा बेडकात बोटभर जीव उरला होता. मायाकडे दोनच गडी शिल्लक होते, मयूरीकडे तो बेडूकच. तिनं वाघ काढला. वाघानं अशी डरकाळी फोडली की सभागृह उठून उभं राहिलं. बेडकानं एक चूळ टाकली. वाघ विझला. मग सिंह आला. त्याच्या आगीनं बेडूक जरा कोमट झाला, आणि सामना संपला.

“कसा खेळला सिंह?” सौमित्रनं धावत येऊन विचारलं.

“लय भारी,” माया म्हणाली. “पडताना आयाळ काय छान हलली त्येची.”

मयूरी हात मिळवायला आली. “सिंह कुणी घ्यायला लावला गं?”

“कमिटीनं.”

“आमच्याकडेही आहे,” मयूरी म्हणाली. “बेडूक शोभत नाही म्हणत होती. मी दुसऱ्यांदा विचारायलाच गेले नाही.”

मायाला रडू आलं नाही, राग आला. तो कुणावर काढावा हे न सुचल्यामुळे तिनं नारायण सरांनी पुढं केलेले दोन कंदी पेढे एकापाठोपाठ एक चावून खाल्ले. सरांनी तिसरा दिला नाही. तो स्वतः खाल्ला, आणि बराच वेळ गुडघा चोळत बसले.

समितीचा अहवाल आठवड्याभरात आला. त्यात म्हटलं होतं, की खेळाडूनं परस्पर निवडलेले चारही राक्षस अंतिम सामन्यात आधी पडले, तर समितीचे दोन्ही राक्षस शेवटपर्यंत टिकून होते. खेळाडूच्या राक्षसांचं सरासरी आयुष्य: नऊ मिनिटं. समितीच्या राक्षसांचं: अडतीस मिनिटं. (त्यातली सदतीस त्यांनी बाहेर बसून काढली, ही तांत्रिक बाब परिशिष्टात आहे. परिशिष्ट छापलेलं नाही.) सबब, पुढील वर्षी सहाही राक्षस समितीचे असावेत. नारायण सरांकडून खुलासा मागवला. मायाचं उपविजेतेपदाचं प्रमाणपत्र तिच्या ताकिदीच्या फाईलला जोडलं, कारण ती मोबाईलवर राक्षस झुंजवते याचा इतका पक्का, सही-शिक्क्याचा पुरावा कार्यालयाला आजवर मिळाला नव्हता. वसतिगृहातली जागा रद्द करायचं ठरलं आणि पालकांना बोलावणं गेलं.

आकाराम आटपाडीहून आले, फेटा सावरून खुर्चीच्या कडेवर बसले आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “आवं बाई, येक सांगा. पोरगी हारली म्हून काडताय का जिकली म्हून?”

“नियमानुसार,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

“आसं व्हय,” आकाराम म्हणाले, आणि नियमाला मान दिल्यासारखे उठून उभे राहिले.

तेवढ्यात टपाल आलं. अंतिम सामना हरूनही स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून मायाची राज्य संघाच्या शिबिरासाठी निवड झाली होती. चारुशीलाबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि फ्लेक्सवाल्याला फोन लावला. नव्या फ्लेक्सवर मान्यवर बावीस झाले. माया खाली उजव्या कोपऱ्यात, कासवाच्या पाठीवर. अभिनंदनाच्या फ्लेक्सवर जिचा फोटो आहे तिला त्याच आवारातून बाहेर काढता येत नाही. तसा नियम नाही, पण संकेत आहे. म्हणून ताकिदीची अंमलबजावणी फ्लेक्स उतरेपर्यंत पुढं ढकलण्यात आली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी माया आणि तिची खोलीतली मैत्रीण दीपमाला सुतळीचा गुंडा घेऊन फाटकापाशी जातात. वाऱ्यानं सुटलेले कोपरे बांधतात, फाटलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावतात. बाविसातल्या चार मान्यवरांचे चेहरे उन्हानं उडाले आहेत. त्यांच्याकडे त्या लक्ष देत नाहीत. उजवा कोपरा मात्र घट्ट आहे. असाच राहिला तर पदवी पुरी होईल.

समितीचं काम अर्थातच थांबलेलं नाही. पुढच्या वर्षीसाठी तिचा विस्तार होतो आहे आणि दोन जागा भरायच्या आहेत. पात्रता एकच: उमेदवारानं हा खेळ कधी खेळलेला नसावा, पण मायानं तो सिंह आधी बाहेर काढायला हवा होता की नको होता, याबद्दल त्याचं ठाम मत असावं. आपण इथवर वाचलंत. आपलं मत तयारच असेल. अर्ज पाठवून द्यावा.