देवराजचा उधळा थर

टेपरेकॉर्डरमधून विद्यावतीआत्याच्या आवाजात आरती सुरू झाली आणि देवराजने झटकन बटण दाबून ती बंद केली. त्या कॅसेटवर त्याचं वर्षभराचं काम होतं. साल होतं १९८५, आणि टीव्हीला जोडलेला त्याचा चिमुकला संगणक सगळं कॅसेटवरच साठवायचा.

देवराज बेटावरच्या बो बासें गावात रसायनशास्त्र शिकवायचा. धातूच्या ऑक्साइडचा जेमतेम एका अणूइतका जाड थर आपला ऑक्सिजन दुसऱ्याला किती सहज देऊन टाकतो, याचं गणित त्याने मांडलं होतं. उत्तर थक्क करणारं होतं. थर कसला, उधळा जमीनदारच! तेच पाहायला पॅरिसचे प्राध्यापक आज दुपारी घरी येणार होते. त्यांना पटलं, तर त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती.

"आत्या, ही कॅसेट कोणी घेतली?"

"मीच. कासे होती ती, मोडलेली. नुसतं किर्रर्र, चींचीं. मग तिच्यावर आरती भरली. नुव्हेल फ्रांस गावच्या बायकांना न्यायला."

"दुसरी नव्हती?"

"होती की. पण चांगली कशाला खराब करायची?"

देवराज व्हरांड्यातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून व्हरांड्यात फिरत राहिला. शेवटी त्याची बायको कामिनी म्हणाली, "आठवेल तसं परत लिही ना. फिरून काय होतंय?"

तो बसला. बोटं भलतीच बटणं दाबत होती. रस्त्यावर मोटार वाजली की तो खिडकीशी धावायचा. कसंबसं गणित पुरं झालं, तर थर ऑक्सिजनचा एक कण सोडायला तयार नाही. पुन्हा केलं, तेच. मग त्याने प्राध्यापकांना पाठवलेल्या टिपणाची प्रत काढून पडताळली. वर्षभर एका ठिकाणी वजाऐवजी अधिक पडलं होतं.

तेवढ्यात प्राध्यापक दारात आले. पडद्यावरचे आकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"बरोबर आहे. आमच्या मोठ्या संगणकावरही हेच येतं. खरं सांगायचं तर, तुमचं आधीचं उत्तर वाचून मी नकार द्यायलाच आलो होतो. चूक कोणी पकडली?"

देवराजला खोटं बोलवेना. "माझ्या आत्यामुळे सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागलं."

"इतकी कडक माणसं आम्हाला मिळत नाहीत," प्राध्यापक गंभीरपणे म्हणाले. "तुमच्याबरोबर त्यांनाही पॅरिसला आणाल?"

आत्या चहा घेऊन दारातच उभी होती. फ्रेंच तिला पुरेसं कळत होतं.

"मी येते," ती म्हणाली. "देवराजचं काही सांगता येत नाही. त्याचं काम अजून धड झालेलं नाही."